एफ५ ने चालणारा मॅक्रो बटणामागे का अडतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. तुम्ही गावच्या दूध संस्थेचा हिशेब एक्सेलमध्ये पाहता. 'संकलन' शीटवर सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटशिवायचे घन घटक) भरलं जातं आणि दर दहा दिवसांनी 'बिल' शीटवर उत्पादकांची बिलं निघतात. बिल काढणारा मॅक्रो, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, तुम्ही रेकॉर्डरने बनवला आणि थोडा हाताने वाढवला. कोड लिहायच्या एडिटरमध्ये एफ५ दाबलं की तो बिनतक्रार चालतो. मग 'मुख्य' नावाच्या तिसऱ्या शीटवर बटण ठेवून तोच कोड त्याच्यामागे चिकटवला, आणि बटण दाबताच 'रन-टाइम एरर १००४, सिलेक्ट मेथड ऑफ रेंज क्लास फेल्ड' असं आलं. तीच फाइल सचिवांच्या संगणकावर उघडली तर बटण दाबून काहीच होत नाही, एररसुद्धा येत नाही. शिवाय शीटची नावं मराठीत केली की कोडमध्ये प्रश्नचिन्हं का येतात, हेही तुम्ही विचारलंय.

बटण चार वेळा पुसून पुन्हा काढलं असं लिहिलंत. पाचव्यांदा काढू नका, बटणात काही बिघाड नाही. तुमच्याकडची एरर, सचिवांकडचं मुकं बटण आणि मराठी नावं ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. मी गेली बरीच वर्षं दूध संस्था, पतसंस्था आणि शाळांच्या कार्यालयांसाठी अशा एक्सेल फाइली करून देतो. 'एडिटरमधून चालतं, बटणातून नाही' ही तक्रार मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळते आणि तिचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं.

एक सूचना आधी. खाली कोडच्या ओळी मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. एडिटरमध्ये त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच लिहायच्या. तुमच्या 'संकलन', 'बिल', 'मुख्य' या शीटची नावंही सध्या रोमनमध्येच आहेत असं धरून चालतो.

आता पहिली एरर. एक छोटा प्रयोग करा. बटणावर डबल क्लिक केल्यावर जो कोड उघडतो, त्या 'कमांडबटन१_क्लिक' च्या मधोमध कर्सर ठेवा आणि तिथूनच एफ५ दाबा. बटणाला हातही लावू नका. माझा अंदाज असा की तीच १००४ येईल. तसं झालं तर बटण निर्दोष आहे हे तुम्हालाच दिसेल. तुम्ही आजवर एफ५ दाबत होता तो 'मॉड्यूल१' मधल्या कोडवर. मॉड्यूल म्हणजे कोड ठेवायची जागा. बटणामागचा कोड मात्र 'मुख्य' शीटच्या स्वतःच्या मॉड्यूलमध्ये आहे. कोड अक्षर न् अक्षर तोच आहे, त्याची राहण्याची जागा बदलली आहे. आणि व्हीबीएमध्ये, म्हणजे मॅक्रो लिहायच्या भाषेत, जागा बदलली की काही शब्दांचा अर्थ बदलतो.

तुमच्या पहिल्या दोन ओळी अशा आहेत:

शीट्स("संकलन").सिलेक्ट
रेंज("ए२").सिलेक्ट

दुसऱ्या ओळीत 'रेंज' च्या आधी शीटचं नाव नाही. मग ए२ कोणत्या शीटचा? साध्या मॉड्यूलमध्ये याचं उत्तर असतं, 'आत्ता समोर असलेल्या शीटचा'. पहिल्या ओळीने 'संकलन' समोर आणलेली असते, त्यामुळे काम होतं. पण हीच ओळ एखाद्या शीटच्या मॉड्यूलमध्ये लिहिली की उत्तर होतं, 'या शीटचा'. व्हीबीएमध्ये त्या 'या' साठी एक शब्द आहे, आणि योगायोगाने त्याचा उच्चार आणि अर्थ दोन्ही मराठीशी जुळतात: 'मी'. शीटच्या मॉड्यूलमध्ये नाव न घेता रेंज म्हटलं की त्याचा अर्थ 'मी.रेंज'. बोलणारी शीट आहे 'मुख्य', म्हणून ए२ सुद्धा 'मुख्य' चाच.

म्हणजे प्रत्यक्षात काय घडतं बघा. पहिली ओळ 'संकलन' समोर आणते. दुसरी ओळ मागे गेलेल्या 'मुख्य' शीटवरचा ए२ निवडायला जाते. समोर नसलेल्या शीटवरचा सेल एक्सेल निवडू देत नाही, म्हणून सिलेक्ट फेल. एररचा मजकूर अगदी नेमका तेच सांगतोय, फक्त १००४ या आकड्यावरून ते कळत नाही. १००४ हा आकडा एक्सेल पन्नास प्रकारच्या अडचणींना देतं. शीट प्रोटेक्ट केलेली असली तरी १००४ येतो आणि कोडमधल्या व्हीलुकअपला (यादीत शोधून मूल्य आणणाऱ्या फंक्शनला) शोधलेलं सापडलं नाही तरीही येऊ शकतो. म्हणून आकड्यापेक्षा त्याच्या खालचं वाक्य वाचायची सवय लावून घ्या.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर एररच्या खिडकीत 'एंड' ऐवजी 'डीबग' दाबा. अडलेली ओळ पिवळी होईल. आता कंट्रोल आणि जी दाबून खाली इमिजिएट विंडो उघडा आणि तिथे टाइप करा:

? ॲक्टिव्हशीट.नेम
? मी.नेम

पहिल्याचं उत्तर 'संकलन' येईल, दुसऱ्याचं 'मुख्य'. दोन उत्तरं वेगळी आली की एररचं कारण तुमच्यासमोर छापून आलं. मी कुठेही गेलो तरी आधी एवढंच करतो. लोक घाईने 'एंड' दाबतात आणि मॅक्रो नेमका कुठे, कशाकडे बघत उभा होता ही सगळी माहिती पुसून टाकतात.

तुम्हाला एरर आली याचं मला खरं तर समाधान वाटतं. तुमच्या कोडमध्ये खाली एक ओळ आहे, रेंज("ए२:एफ५००").क्लिअरकंटेंट्स, जिच्यावर तुम्ही जुनी बिलं पुसायचं काम सोपवलंय. तिच्यात सिलेक्ट नाही, म्हणून ती अडलीच नसती. ती गुपचूप 'मुख्य' शीट पुसून मोकळी झाली असती आणि 'बिल' शीटवरची जुनी बिलं तशीच राहिली असती. मॅक्रोने शीटमध्ये केलेला बदल कंट्रोल-झेडने परत येत नाही. त्यामुळे पुढचं काहीही करण्याआधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा. दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा.

दुरुस्तीचा सोपा मार्ग एका मिनिटाचा आहे. बटणामागचा सगळा कोड काढून टाका, मूळ मॅक्रो 'मॉड्यूल१' मध्येच राहू द्या आणि बटणाच्या कोडमध्ये एकच ओळ ठेवा, 'कॉल बिलकाढा' ('बिलकाढा' हे त्या मूळ मॅक्रोचं नाव). कोड पुन्हा साध्या मॉड्यूलमध्ये गेला की 'रेंज' चा अर्थ पुन्हा 'समोरची शीट' होतो आणि एरर जाते. दहा तारखेचं बिल उद्यावर आलं असेल तर आज एवढंच करा.

पण ही फाइल वर्षभर चालवायची असेल तर मी इथे थांबणार नाही. 'समोर जी असेल ती शीट' या भरवशावरचा हिशेब कधीतरी दगा देतो. बिल चालू असताना कुणी दुसरी फाइल उघडली की समोरचं बदललं. म्हणून प्रत्येक शीटला नावाने हाक मारायची:

डिम सं ॲज वर्कशीट, बि ॲज वर्कशीट
सेट सं = धिसवर्कबुक.वर्कशीट्स("संकलन")
सेट बि = धिसवर्कबुक.वर्कशीट्स("बिल")
बि.रेंज("ए२:एफ५००").क्लिअरकंटेंट्स
सं.रेंज("ए२:एफ५००").कॉपी बि.रेंज("ए२")

सिलेक्ट कुठेच नाही. रेकॉर्डर तुमच्या हाताची प्रत्येक हालचाल लिहून ठेवतो, म्हणून त्याच्या कोडमध्ये सिलेक्टची रांग लागते. माणसाला सेल दिसावा लागतो, कोडला पत्ता पुरतो. हे पाच ओळींचं काम पडद्यावर कुठलीही शीट असली तरी, कोड कुठल्याही मॉड्यूलमध्ये असला तरी, सारखंच होईल. 'धिसवर्कबुक' म्हणजे ज्या फाइलमध्ये हा कोड आहे ती फाइल. 'ॲक्टिव्हवर्कबुक' लिहिलंत तर पुन्हा 'समोर जी असेल ती' हेच दुखणं फाइलच्या पातळीवर येतं.

हे केल्यावरही तुमची एक ओळ अडेल, ते आत्ताच सांगून ठेवतो. तुम्ही लिहिलंय, शीट्स("बिल").रेंज(सेल्स(२, १), सेल्स(शेवट, ६)). इथे रेंजला नाव दिलंत, पण आतल्या दोन्ही 'सेल्स' निनावी राहिल्या. बाहेरची रेंज 'बिल' ची आणि आतले कोपरे दुसऱ्याच शीटचे, असं मागणं एक्सेलला पुरवता येत नाही. पुन्हा १००४, फक्त वाक्य वेगळं: 'ॲप्लिकेशन-डिफाइन्ड ऑर ऑब्जेक्ट-डिफाइन्ड एरर'. हे वाक्य वाचून काहीच बोध होत नाही आणि लोक तासन् तास अडकतात. असं लिहा:

विथ बि
.रेंज(.सेल्स(२, १), .सेल्स(शेवट, ६)).क्लिअरकंटेंट्स
एंड विथ

सेल्सच्या आधीचा तो ठिपका डोळ्याला दिसेल न दिसेल इतका आहे, पण सगळं त्याच्यावर आहे. ठिपका असेल तर सेल 'बि' चा, नसेल तर निनावी. दुसऱ्याचा कोड तपासताना मी प्रत्येक 'रेंज' आणि 'सेल्स' समोर बोट ठेवून विचारतो, तू कुणाची? उत्तर त्या ओळीतच मिळालं नाही तर ती ओळ दुरुस्त करायची.

तुम्ही लिहिलंय की ओळखीच्या एकाने 'सगळ्यात वर ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट टाक, एरर जाईल' असं सुचवलं. कृपा करून टाकू नका. एरर दिसायची थांबेल, चूक चालूच राहील, आणि बिलाच्या कामात ही चूक फार वाईट होते. समजा तुमचा कोड एकेका उत्पादकाचा दर व्हीलुकअपने शोधून 'दर' नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतो. ४७ नंबरच्या उत्पादकाचा दर दिवसभरात कुणी भरलाच नाही. शोध फसतो, 'रिझ्यूम नेक्स्ट' मुळे ती ओळ नुसती ओलांडली जाते, आणि 'दर' मध्ये ४६ नंबरवाल्याचा दर तसाच पडून राहतो. ४७ नंबरला गायीच्या दुधाला म्हशीचा दर लागतो किंवा उलटं. पडद्यावर काही दिसत नाही. भांडण होतं ते पैसे वाटताना. शोध फसण्याची शक्यता असेल तर 'वर्कशीटफंक्शन.व्हीलुकअप' ऐवजी 'ॲप्लिकेशन.व्हीलुकअप' वापरा. ते कोड थांबवत नाही, एररचं मूल्य परत देतं. ते मूल्य 'इझएरर' ने तपासा आणि त्या उत्पादकाचा नंबर वेगळ्या यादीत लिहून पुढे चला. त्यासाठी 'दर' हे व्हेरिएबल 'व्हेरिएंट', म्हणजे कुठलंही मूल्य मावणाऱ्या प्रकारचं ठेवा, नाहीतर एररचं मूल्य त्यात मावणार नाही आणि 'टाइप मिसमॅच' येईल.

आता सचिवांच्या संगणकाकडे वळू. इथे मी पक्कं निदान देऊ शकत नाही, कारण ते पडद्यावर काय दिसतं यावर अवलंबून आहे. फाइल उघडल्यावर वरच्या बाजूला एखादी रंगीत पट्टी येते का, हे आधी बघा.

पट्टी पिवळी असेल आणि तिच्यावर 'एनेबल कंटेंट' चं बटण असेल तर ते दाबायचं राहिलंय. पट्टी लालसर असेल आणि मायक्रोसॉफ्टने मॅक्रो अडवल्याचं त्यावर लिहिलं असेल, तर ती फाइल इंटरनेटवरून आलेली आहे असं विंडोज समजतंय. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने अशा फाइलीतले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. ब्राउझरमधून किंवा मेलमधून उतरवलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य खूण लावतं. ती खूण एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते, नेहमीच्या पेनड्राइव्हच्या फॅट३२ वर टिकत नाही. 'मेलने पाठवली तर चालत नाही, पेनड्राइव्हवरून दिली तर चालते' हे कोडं मला कितीतरी जणांनी घातलंय, त्याचं उत्तर हे आहे. खूण काढायची तर एक्सेल बंद करा, फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली 'अनब्लॉक' समोर टिक, ओके. फाइल तुम्हीच बनवून पाठवली आहे म्हणून हे सांगतोय. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलला हे करायचं नाही. सगळेच मॅक्रो कायमचे चालू ठेवण्याचा पर्यायही सेटिंगमध्ये सापडेल, त्याला हात लावू नका. ज्या संगणकावर संस्थेचं बँकेचं काम चालतं तिथे तर मुळीच नाही.

पट्टीच नसेल, किंवा तिच्यावर ॲक्टिव्हएक्स अडवल्याचं लिहिलं असेल, तर माझा संशय बटणाच्या जातीवर जातो. एक्सेलमध्ये बटणं दोन जातींची: फॉर्म कंट्रोल आणि ॲक्टिव्हएक्स. तुमचं बटण ॲक्टिव्हएक्स आहे, 'कमांडबटन१_क्लिक' या नावावरूनच ते कळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ऑफिस २०२४ मध्ये आणि एप्रिल २०२५ पासून मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ॲक्टिव्हएक्स मुळातच बंद ठेवलेलं असतं. सचिवांचा संगणक नवा आहे असं तुम्ही लिहिलंय, तुमचा जुना आहे. म्हणून मला हेच कारण सगळ्यात संभवनीय वाटतं. ट्रस्ट सेंटरमध्ये, म्हणजे सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करता येतं, पण मी तो रस्ता सुचवणार नाही. बटणच बदला. इन्सर्टमधून एक साधा आयत काढा, त्याच्यावर 'बिल काढा' असं मराठीतच लिहा, राइट क्लिक करून 'असाइन मॅक्रो' मध्ये 'बिलकाढा' निवडा. हा आकार ॲक्टिव्हएक्स नाही, त्यामुळे या बंदीत तो सापडत नाही. यादीत तुमचा मॅक्रो दिसला नाही तर त्याच्यापुढे 'प्रायव्हेट' लिहिलंय का, किंवा कंसात काही मागितलंय का ते बघा. या दोन्ही गोष्टींमुळे तो यादीतून लपतो.

मुक्या बटणाची आणखी दोन-तीन किरकोळ कारणं आहेत. डेव्हलपर टॅबवर 'डिझाइन मोड' दाबलेला राहिला असेल तर ॲक्टिव्हएक्स बटण दाबलं जात नाही, नुसतं निवडलं जातं. कोड लिहिल्यानंतर बटणाचं नाव बदललं असेल तर 'कमांडबटन१_क्लिक' हा कोड पोरका होतो. आणि फाइल चुकून साध्या एक्सएलएसएक्स प्रकारात सेव्ह झाली असेल तर कोड आत उरलेलाच नसतो. शेवटचं अक्षर 'एम' असलेला प्रकार मॅक्रो सांभाळतो.

आयताच्या बटणाची एक खोड मात्र माहीत असू द्या. पुढच्या महिन्यासाठी 'मुख्य' शीट नव्या फाइलमध्ये कॉपी केली तर बटण जुन्या फाइलच्या मॅक्रोलाच चिकटून राहतं. दाबलं की जुनी फाइल उघडते आणि तिथलाच मॅक्रो चालतो. 'धिसवर्कबुक' तेव्हा जुनी फाइल असते, म्हणून बिल जुन्या फाइलमध्ये निघतं. नव्या महिन्यासाठी शीट कॉपी करू नका, अख्खी फाइलच 'सेव्ह ॲज' करा.

मराठी नावांचा प्रश्न मला मनापासून जवळचा आहे. आपल्या संस्थांतली कागदपत्रं मराठीत, दप्तर मराठीत, आणि कोडमध्ये मराठी लिहिली की '????'. हा तुमच्या फॉन्टचा किंवा कीबोर्डचा दोष नाही. एक्सेलची शीट युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांचा एकच तक्ता, पूर्ण सांभाळते. व्हीबीएचा एडिटर मात्र ऑफिस ९७ च्या काळातल्या साच्याचा आहे आणि तो अक्षरं विंडोजच्या जुन्या कोडपेजमधून, म्हणजे एकेका लिपीच्या वेगळ्या तक्त्यातून, दाखवतो. रशियन, ग्रीक, अरबी लिप्यांना अशी कोडपेजं होती, देवनागरीला कधी दिलीच गेली नाही. विंडोजमध्ये देवनागरी आली ती थेट युनिकोडमधून. म्हणून रशियन माणूस सेटिंग बदलून आपल्या लिपीत शीटचं नाव कोडमध्ये लिहू शकतो, आपण नाही. एडिटर प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह साठवतो, मग त्या नावाची शीट सापडत नाही आणि 'एरर ९, सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज' येते.

यावर माझा रोजचा उपाय कोडनेम. प्रत्येक शीटला दोन नावं असतात. एक खाली टॅबवर दिसणारं, दुसरं कोडसाठीचं. एडिटरमध्ये डावीकडच्या यादीत 'बिल' शीट निवडा, एफ४ दाबा. प्रॉपर्टीजच्या खिडकीत सगळ्यात वर कंसात 'नेम' लिहिलेली ओळ दिसेल. तिथे 'शीट२' असं काहीतरी असेल, ते बदलून रोमनमध्ये 'बिलशीट' करा. मग कोडमध्ये अवतरणचिन्हांशिवाय थेट बिलशीट.रेंज("ए२") लिहा. टॅबचं नाव खुशाल 'बिल', 'दूध बिल', 'एप्रिल पहिलं बिल' असं मराठीत ठेवा, कितीही वेळा बदला, कोडला फरक पडत नाही. हे नाव फक्त त्याच फाइलच्या आत चालतं, पण तुमचं काम एकाच फाइलचं असल्यामुळे ते पुरेसं आहे.

संदेशांचं थोडं वेगळं आहे. 'मेसेजबॉक्स' मधून मराठी दाखवायचा प्रयत्न करू नका. मजकूर सेलमधून उचलला तरी तो प्रश्नचिन्हंच दाखवेल. मी छोटा यूजरफॉर्म, म्हणजे स्वतः मांडलेली खिडकी, करतो, त्यावर एक लेबल ठेवतो आणि 'बिलं तयार झाली' हे वाक्य एका लपवलेल्या शीटच्या सेलमधून त्या लेबलात भरतो. लेबल देवनागरी नीट दाखवतं.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण कोडमध्ये दिसली म्हणून राहवत नाही. तुम्ही इनपुटबॉक्समधून '०५/०४/२०२५' अशी तारीख घेता आणि तीच थेट सेलमध्ये टाकता. इनपुटबॉक्स देतो तो मजकूर. व्हीबीएमधून सेलमध्ये तारखेचा मजकूर टाकला की एक्सेल तो अमेरिकन पद्धतीने वाचतं, आधी महिना, मग दिवस. तुमची ५ एप्रिल तिथे ४ मे होते. हाताने टाइप केली तर बरोबर, मॅक्रोने टाकली तर चूक.

एका संस्थेत हे मला स्वतःला महागात पडलंय. १ एप्रिलला नवी फाइल सुरू केली होती, नोंद मॅक्रोने होत होती आणि तारखा मी अशाच थेट सेलमध्ये टाकल्या होत्या. ११ तारखेला १ ते १० चं बिल काढलं तर प्रत्येक उत्पादकाच्या नावावर एकाच दिवसाचं दूध. सकाळी दूध घालायला आलेली माणसं किटल्या घेऊन दारात उभी, आणि मी खुर्चीत बसून एकेक ओळ बघतोय. १ एप्रिल झाली होती ४ जानेवारी, २ एप्रिल ४ फेब्रुवारी. फक्त ०४/०४ उलटी वाचली तरी तीच राहते, म्हणून तेवढा एक दिवस बिलात आला होता. तारीख १२ च्या पुढे गेली की तेराव्या महिन्याचा प्रश्नच येत नाही, एक्सेल निमूट दिवस आधी धरतं आणि सगळं बरोबर दिसतं. म्हणूनच ही चूक चाचणीत निसटते. मी ती फाइल २० तारखेच्या पुढच्या नोंदी टाकून तपासली होती. त्या दिवसापासून मी दिवस, महिना, वर्ष तीन वेगळ्या चौकटींत घेतो आणि 'डेटसिरियल(वर्ष, महिना, दिवस)' ने तारीख बनवतो. मजकुराची तारीख करणारं 'सीडेट' संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवर चालतं, तुमच्याकडे बरोबर आणि सचिवांकडे उलटं येऊ शकतं, म्हणून त्यावर मी विसंबत नाही.

तर तुमच्यासाठी कामाचा क्रम असा: फाइलची प्रत, मग बटणाच्या जागी आयत आणि 'असाइन मॅक्रो', मग निनावी रेंज आणि सेल्सना नावं, मग तारीख. प्रत्येक मॉड्यूलच्या डोक्यावर 'ऑप्शन एक्सप्लिसिट' लिहा आणि बटण दाबण्याआधी डीबग मेनूमधून 'कंपाइल' करून घ्या. नावांतल्या टायपिंगच्या चुका तिथेच पकडल्या जातात. चाचणीसाठी १ ते १२ मधल्या तारखा नक्की घ्या आणि दोन-तीन उत्पादकांचं बिल हाताने काढून ताडून बघा.

एवढं करूनही अडलं तर मला तीन गोष्टी कळवा: पिवळी झालेली ओळ जशीच्या तशी, एररच्या खिडकीतलं पूर्ण वाक्य, आणि सचिवांच्या पडद्यावरच्या पट्टीचा रंग.